धूळ बसली

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली — म्हणजे सांगायचं राहून गेलं, असं म्हणणार होतो. राहून गेलं कसलं? जवळजवळ पन्नास वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि मी सांगितलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. सकाळपासून तीनदा कागद फाडला.

कुठून सुरुवात करू? चित्रापासून करतो. चित्र चांगलं होतं. — बघा, इथंच माझी खोड दिसते. पाप सांगायला बसलो, आणि पहिल्या दमात चित्र चांगलं होतं म्हणालो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. गेवराईपासून कोसभरावरचं आमचं गाव. तिथल्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो. वय सव्वीस. नोकरी कायम झालेली नव्हती. शाळा ज्या संस्थेची, तिचे अध्यक्ष आणि गावच्या सोसायटीचे चेअरमन एकच. साखर कारखानाही तेच उभा करणार होते. त्यांचं नाव सांगत नाही. सगळं गाव त्यांना चेअरमनसाहेबच म्हणायचं, मीही म्हणायचो.

गावच्या विहिरी माघातच आटल्या. नदीकाठच्या एका विहिरीला तेवढं पाणी उरलं होतं. सोसायटीचा ट्रॅक्टर तिथून टाकी भरून आणायचा आणि गल्लीगल्लीत वाटायचा. माणशी एक कळशी. बाया उजाडल्यापासून रांगेत भांडी मांडून बसायच्या. दिवसा खडी फोडायला जायच्या त्या आधी पाण्याचं बघायच्या. हाताला फडकी बांधलेली, ओठ फुटलेले. मी शाळेच्या व्हरांड्यातून बघायचो.

मग कारखान्याच्या भूमिपूजनाचा दिवस आला. मोठे पाहुणे येणार होते. गावाबाहेर माळावर मांडव घातला होता, आणि वेशीपासून तिथपर्यंत नुसता फुफाटा. त्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. बाया उठल्या, कळश्या उचलल्या — आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. रांगेसमोरून सरळ पुढं गेला. मांडवाच्या रस्त्यावर त्यानं मागची तोटी सोडली. पाहुण्यांच्या जीपमागं धूळ उडू नये म्हणून सगळी टाकी रस्त्यावर ओतली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मातीचा वास सुटला. एक म्हातारी ओल्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली, अनवाणी. नुसती उभी राहिली. शिपायानं तिला हाताला धरून बाजूला केलं.

माझं डोकं फिरलं. त्या रागात खोट नव्हती, एवढं मला म्हणू द्या. नाही — राहू द्या तेही.

आमच्या गावात रंगाऱ्यांची एक गल्ली होती. सात घरं. त्यांतले ज्ञानोबा रंगारी लाकडाचे ठसे कोरायचे आणि त्या ठशांनी कापड छापायचे. जाजमं, रजयांच्या खोळी, लुगड्यांचे काठ. पन्नाशीचा माणूस, वाळका, बोटं कायम काळी. मी त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. कोरणी कशी धरायची, लाकूड कसं ओळखायचं, काळा रंग गुळात लोखंड कुजवून कसा करतात — सगळं त्यांनी मला शिकवलं. एक पैसा घेतला नाही. मी 'काका' म्हणायचो, ते मला 'सर' म्हणायचे. त्यांची बायको गिरजाकाकू पाण्याच्या त्या दिवसांतही मला कपभर चहा द्यायची. मी नको म्हणायचो, आणि प्यायचो. दोन मुली होत्या. मोठी शेवंता, दहाअकराची, माझ्याच शाळेत. धाकटी सुंदर, चार वर्षांची. ती ठशाच्या ढलप्या गोळा करून त्यांचा बैलबाजार भरवायची.

मी शाळेच्या सामानातली सागवानी फळी घेतली आणि घरी दार लावून चार दिवस कोरत बसलो. काय कोरलं ते सांगतो. भर दुपार. पांढरं फटफटीत ऊन. रस्त्याच्या मध्ये चेअरमन उभे — टोपी, सदरा, धोतर, सगळं कोरं पांढरं, रेघसुद्धा नाही, नुसता उजेड. हातात पाण्याची नळी, हार धरावा तशी. आणि त्यांच्या पायांपासून निघालेली सावली. भर दुपारी सावली पायाखाली असते, मला ठाऊक होतं. मी ती मुद्दाम लांबवली. गच्च काळी. पुढं जाता जाता ती माणसाची राहत नाही, टाकीची होते, आणि टाकीला तोंड फुटतं. त्या तोंडात बायांची रांग. बायांचे चेहरे दिसत नाहीत — काळ्यात फक्त कळश्यांचे काठ चमकतात आणि डोळ्यांचे पांढरे ठिपके. खाली अक्षरं कोरली, उलटी, आरशात वाचावी तशी: 'धूळ बसली. आता तुम्हीही बसा.'

शाळेला शाई करायची आहे असं सांगून ज्ञानोबांकडून तांब्याभर काळा रंग आणला. त्यांनी विचारलंही नाही. चमच्याच्या पाठीनं घासून पंचवीसएक कागद छापले. फळी चुलीत घातली.

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्याकडे गाव मेल्यासारखं असतं. कुत्रंही सावली सोडत नाही. त्या वेळेला मी निघालो. खळ करायला पीठ कुठलं? बाभळीचा डिंक भिजवून नेला होता. एसटी स्टँडच्या भिंतीवर, पाराला, नदीकाठच्या विहिरीच्या कठड्याला, आणि शेवटी सोसायटीच्या ऑफिसच्या दारावर. उन्हानं डिंक लगेच धरत होता. रस्ता इतका मोकळा होता की माझ्याच चपलांचा आवाज मागून कुणी यावं तसा येत होता. मी दोनदा वळून पाहिलं.

संध्याकाळपर्यंत गाव हसत होतं. मोठ्यानं नाही. पदराआड, मिशीआड. खडीवरच्या बाया कामाला जाता येता एकमेकींना म्हणायच्या, 'बसली का गं धूळ?' मी व्हरांड्यात उभा राहून ऐकायचो. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही. दोन दिवस मिळालं.

तिसऱ्या दिवशी शिपाई वर्गावर आला. चेअरमनसाहेबांनी सोसायटीत बोलावलंय.

बाहेर ऊन पेटलेलं, आणि ऑफिसात शिरलो तर अंधार. डोळ्यांना काही दिसेना. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला होता आणि एक गडी त्याच्यावर पाणी मारत होता. थेंब खाली पडत होते, त्याचा आवाज. मग हळूहळू टोपी दिसली. ते टेबलामागं बसले होते, समोर माझं चित्र. दारावरून सोलून काढलेलं, एक कोपरा फाटलेला.

ते चिडले नव्हते. चिडले असते तर — नाही, असं काही म्हणायचं नाही मला.

'या सर, बसा,' ते म्हणाले. 'सावली लई झकास काढलीया. मलाच भ्या वाटलं बगून.' आणि हसले. 'तुमी चित्रकार मानूस. हे कुनाच्या हातचं हाय, तुमाला कळल.'

मी म्हणालो, सांगता येत नाही.

'मारायचं न्हाई मला कुनाला. आपल्या गावचा कलाकार हाय. निसतं नाव पायजे.' त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. 'लाकडाचा ठसा हाय ना ह्यो? मग गावात लाकूड कोरतं कोन, सर?'

ते थांबले. घाई नव्हती त्यांना. थेंब पडत राहिले. मी कागदाकडे पाहत होतो, आणि त्यांना आधीच कळलंय आणि ते माझी परीक्षा बघतायत, की खरंच विचारतायत, हे मला समजेना. अजूनही समजत नाही. 'मी' हा एक अक्षराचा शब्द. तेवढाच म्हणायचा होता.

मी म्हणालो, 'ज्ञानोबा रंगारी.'

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. मी कारणं दिली. जाणकारासारखी. म्हणालो, हा काळा रंग बाजारातला नाही साहेब, गूळ-लोखंडाचा आहे, गावात त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. रेघ वळवायची पद्धतही त्यांचीच. मी बोट ठेवून दाखवलं. स्वतःच्या चित्रावर बोट ठेवून.

चेअरमनसाहेबांनी मान डोलावली. म्हणाले, 'मास्तर हुशार हाईत.' मला ग्लासभर पाणी दिलं. मी ते प्यालो.

बायको तेव्हा गरोदर होती, असं इथं लिहिलं होतं. खोडून टाकलं. ती होती गरोदर. त्याचा इथं काय संबंध?

कुणी कुणाला मारलं नाही. पोलीस आले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर रंगार गल्लीत वळला नाही. लोकांना वाटलं टाकी रिकामी झाली असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही वळला नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया ट्रॅक्टरला आडव्या गेल्या, तेव्हा ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, 'आमाला कावून इचारता? तुमच्या ज्ञानोबाला इचारा.' दुसऱ्या गल्लीच्या रांगेत त्या बाया जाऊन बसल्या, तर तिथल्या बायांनी त्यांच्या कळश्या उचलून बाजूला ठेवल्या. त्यांना तरी कुठं जास्त मिळत होतं? आणि नदीकाठच्या विहिरीवर सोसायटीचा माणूस बसवला होता.

सातही घरं ज्ञानोबांवर उलटली. ते म्हणत होते, माझं न्हाई ते. कोण ऐकणार? रंग त्यांचा, ठसा लाकडाचा. गिरजाकाकू चेअरमनांच्या वाड्यावर जाऊन पदर पसरून आली. तिला निरोप मिळाला — त्यानं स्वतः यावं, चारचौघांत कबूल करावं, पाणी लगेच चालू. ज्ञानोबा गेले नाहीत. 'जे केलं न्हाई ते कबूल कसं करू?' एवढंच म्हणायचे. गल्लीला वाटायचं, काय ताठा हा! गिरजाकाकूलाही तसंच वाटायचं.

चौथ्या का पाचव्या दिवशी ते शाळेत आले. मधली सुट्टी होती. चित्रकलेच्या वर्गात मी एकटाच. ते दारात उभे राहिले, मागून ऊन, त्यामुळं मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. आत या म्हणायला मला सुचलं नाही. त्यांनी सदऱ्यातून घडी केलेला कागद काढला. माझंच चित्र, कुठून तरी मिळवलेलं.

'सर,' ते म्हणाले, 'डाव्या अंगाची सावली तुमी उलटी कापली. लाकडाची रेघ बगायची असती. बगा, ढलप्या निगाल्यात हितं.'

खरं होतं. काळ्यात बारीक पांढरे ओरखडे राहिले होते.

ते उभे राहिले. किती वेळ? मला तास वाटला. बाहेर पोरं ओरडत होती.

'मला येवडं सांगायचं हुतं,' ते म्हणाले. 'बाकीचं तुमी सांगा. आज सांगा, उद्या सांगा. पन सांगा.' त्यांनी कागद बाकावर ठेवला आणि गेले.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. रोज ठरवायचो. सोसायटीच्या दारापर्यंत एकदा गेलोसुद्धा. शिपायानं विचारलं काय काम सर, तर खडू संपलेत म्हणालो.

रंगार गल्ली नदीच्या पात्रात खड्डे करून पाणी काढायला लागली. वाळूत हातभर खणलं की गढूळ पाणी झिरपायचं. त्याच डबक्यांवर गुरं यायची. आठवड्याभरात गल्लीत हगवण लागली. मोठी माणसं सावरली. सुंदर सावरली नाही. दोन दिवसांत गेली.

मी तिच्या मातीला गेलो होतो. सगळे गेले म्हणून गेलो. ज्ञानोबांनी तिला दोन हातांवर घेतलं होतं. तेवढंच ओझं होतं ते. शेवटी पाणी पाजायला गिरजाकाकूनं त्यांना पुढं येऊ दिलं नाही. तिथं सगळ्यांसमोर म्हणाली, 'तुज्या चित्रानं खाल्ली माजी पोर.' ज्ञानोबांनी वर पाहिलं. मी समोरच होतो, चार हातांवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? पन्नास वर्षं हाच प्रश्न मी उलटसुलट करतोय. घेतलं असतं तर कदाचित मी नाकारलं असतं, आणि ते त्यांना माहीत होतं. असं असेल का? माझ्याबद्दल त्यांना तेवढं कळलं होतं का?

त्यानंतर आठ दिवसांनी गल्लीतल्या माणसांनीच त्यांना जायला सांगितलं. ते बायकोला आणि शेवंताला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर वळला.

जूनमध्ये मी कायम झालो. हुकूम चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या हातानं दिला. पुढं मुख्याध्यापक झालो. पुन्हा लाकूड कोरलं नाही. पोरांना फुलं, फळं, मोर शिकवले.

एकदा, चारपाच वर्षांनी, बीडहून एसटीनं चाललो होतो. गाडी मांजरसुंब्याला थांबली. ढाब्याच्या कडेला एक वाळका माणूस ट्रकच्या मागच्या फळीवर अक्षरं रंगवत होता. पाठमोरा. मानेवरून ओळखलं. त्यानं ब्रश बुडवायला मान वळवली, आणि मी खिडकीची काच वर ओढली. गाडी वीस मिनिटं थांबली होती. मी वीस मिनिटं काच धरून बसलो.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं, असं वाटतं. मागच्या वर्षी बीडच्या एका कॉलेजातल्या पोरांनी दुष्काळातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची पोती, खडीवरचे हातोडे, हजेरीची कार्डं. त्यात कुणाच्या तरी पेटीतून निघालेलं माझं चित्र होतं. एक प्रत. तेच मोठं करून दारातच लावलं होतं, माणसाच्या दुप्पट उंचीचं. खाली नाव — ज्ञानोबा रंगारी. त्यांच्या गावचा जुना चित्रकलेचा मास्तर म्हणून मला बोलायला बोलावलं.

पत्र वाचल्यावर मला पहिलं काय वाटलं, माहीत आहे? लाज नाही वाटली. मला राग आला. माझं चित्र, आणि नाव दुसऱ्याचं! ऐंशीला टेकलेला माणूस मी, दोन दिवस जेवण गेलं नाही. खरं सांगायचं ठरवलं ते त्या रागात. ज्या दिवसांत सांगायला हवं होतं तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि आता टाळ्या दिसल्यावर उघडणार होतो. हे लिहितोय तेही त्यातलंच आहे का? मला खात्रीनं सांगता येत नाही.

व्यासपीठावर गेलो. समोर शंभरेक पोरं. पहिल्या रांगेत साठीची एक बाई, गुडघ्यावर हात ठेवून बसलेली. सूत्रसंचालकानं सांगितलं, या चित्रकाराच्या कन्या शेवंताबाई आज आपल्यात आहेत. तिनं मला ओळखून हात जोडले.

मी वीस मिनिटं बोललो. उजेड किती धीट आहे ते सांगितलं. सावली कशी माणसाची टाकी होते ते सांगितलं. एका पोरानं विचारलं, सर, काळ्यात हे पांढरे ओरखडे आहेत ती धूळ का? मी म्हणालो, हो. ज्ञानोबांनी ती मुद्दाम ठेवली.

टाळ्या खूप झाल्या.

खाली आलो तर शेवंता आली. पाया पडली. म्हणाली, 'सर, तुमी आलात, लई बरं झालं.' मग बाजूला घेऊन म्हणाली, 'बाबा मरेपोतर म्हनायचा, ते चित्र माजं न्हाई. आमी कुनी खरं धरलं न्हाई. आईनं तर जाताना त्याच्या हातचं पानी घेतलं न्हाई. मला पन कदीमदी वाटायचं सर, की बाबा खरंच बोलतो का काय. रातसारी तेच. आज तुमी सांगितलं आन् जीव हलका झाला. तुमच्यासमोरच कोरायचा ना त्यो सगळं — तुमी बगितलंय ना त्याचं काम. त्याचंच हाय ना हे?'

तिनं वर त्या चित्राकडे पाहिलं. डोळे भरले होते. बापाचा अभिमान वाटत होता तिला, आणि त्याच्या खोटेपणाचा रागही. दोन्ही मी दिलेले.

मी म्हणालो, 'हो, बाई. त्यांचंच.'